ग्रंथालयाच्या वाचन-आव्हानात पहिला नंबर कशाला?

सुट्टी जवळ आली की सार्वजनिक ग्रंथालयांमध्ये रीडिंग चॅलेंजचे फलक लागतात. स्वरूप बहुतेक ठिकाणी सारखंच असतं. नाव नोंदवायचं, कार्ड घ्यायचं, ठरलेल्या मुदतीत ठरलेली पुस्तकं वाचायची, प्रत्येक पुस्तकामागे एक शिक्का किंवा स्टिकर मिळवायचा आणि शेवटी प्रमाणपत्र घ्यायचं. वयोगट केलेले असतात, पण ते आकड्यापुरतेच. लहानांना जास्त पुस्तकं कारण ती पातळ, मोठ्यांना कमी कारण ती जाड, आणि प्रौढांसाठी महिन्याला एक. गट बदलला की आकडा बदलतो, बाकी काही बदलत नाही.

माझा आक्षेप इथेच आहे. वय वाढतं तसा वाचनाच्या आड येणारा अडथळाच वेगळा होतो. तीन वर्षांच्या मुलाचं अडतं ते मांडीवर घेऊन वाचून दाखवणारं माणूस मोकळं नसतं म्हणून. आठ वर्षांच्या मुलाचं अडतं ते मोठ्यांनी निवडलेलं, त्याला नको असलेलं पुस्तक हाती पडतं म्हणून. पंधराव्या वर्षी वाचन हे आणखी एक सक्तीचं काम वाटू लागतं. चाळिशीत वेळ पुरत नाही, आणि ज्याला लहानपणी नीट वाचता आलं नाही त्याला ते कबूल करायची लाज वाटते. सत्तरीत डोळे साथ देत नाहीत. आव्हान द्यायचं तर या अडथळ्यांना द्यावं. वाचकांची आपसात चढाओढ लावणं आणि त्यांच्यातून पहिला, दुसरा, तिसरा काढणं हे सार्वजनिक ग्रंथालयाचं काम नव्हे.

अशा उपक्रमांची गरजच नाही असं मला मुळीच म्हणायचं नाही. बार्बरा हेन्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी अटलांटा शहरातल्या सहावी-सातवीच्या मुलांचा अभ्यास करून १९७८ साली त्यावर पुस्तक लिहिलं. गरीब आणि सुस्थितीतल्या मुलांच्या शिकण्यातलं अंतर शाळा चालू असताना तितकं वाढत नाही, ते सुट्टीत वाढतं, असं त्यांना दिसलं. सुट्टीतल्या प्रगतीशी ज्या गोष्टीचा संबंध पुन्हा पुन्हा दिसला ती म्हणजे मुलांनी सुट्टीत केलेलं वाचन, आणि त्या काळात मुलांच्या बौद्धिक वाढीला सार्वजनिक ग्रंथालयाइतका हातभार दुसऱ्या कुठल्याच सार्वजनिक संस्थेचा नव्हता. कारण उघड आहे. शाळा बंद असते. शिकवण्या आणि शिबिरं पैसे भरणाऱ्यांसाठी असतात. ग्रंथालयात मात्र मूल एकटं चालत जाऊ शकतं, आवडलं नाही तर पुस्तक बदलून आणू शकतं, आणि तिथे त्याची परीक्षा कुणी घेत नाही. घरातच पुस्तकांचं कपाट असलेल्या मुलाचं सुट्टीत ग्रंथालयावाचून निभावून जातं. ज्याच्या घरी पुस्तक नाही त्याचं निभावत नाही. तेव्हा वाचन-आव्हान मुख्यतः या दुसऱ्या मुलासाठी असायला हवं. क्रमांक लावले की नेमकं उलटं होतं, बक्षीस पहिल्या मुलाकडे जातं.

भिंतीवरचा तक्ता आठवून पाहा. डावीकडे नावं, पुढे रकाने, रकान्यांत चांदण्या. तिसऱ्या आठवड्यापर्यंत वरच्या दोन-तीन नावांपुढची चांदण्यांची रांग कागदाच्या कडेला भिडलेली असते. खाली एका नावापुढे एकच चांदणी असते, पहिल्या आठवड्यात चिकटवलेली, एक टोक सुटून वर आलेली. हा तक्ता बहुधा देवघेवीच्या टेबलामागेच लावलेला असतो, म्हणजे पुस्तक परत करायला आलेल्या प्रत्येकाला तो दिसावा. ते मूल येतं तेव्हा त्यालाही तो दिसतो. पुढच्या वेळी पुस्तक त्याची आई परत करून जाते. त्यानंतर कार्ड तसंच पडून राहतं. तक्ता लावणाऱ्या ग्रंथपालाने तो हौसेने, रंगीत कागद कापून, संध्याकाळी उशिरापर्यंत थांबून लावलेला असतो, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच हे बोलायला हवं, कारण इतक्या कळकळीने केलेल्या कामातून एक मूल कायमचं दुरावतं आणि ते कुठल्याच नोंदवहीत येत नाही.

वरच्या नावांचंही फार भलं होतं असं नाही. आकड्यावर नंबर ठरला की मूल पातळ पुस्तकं हुडकू लागतं. कपाटापाशी उभं राहून ते आधी शेवटचं पान उघडतं आणि खाली छापलेला आकडा बघतं. तो मोठा असला तर पुस्तक जागच्या जागी परत जातं. एखादं पुस्तक आवडलं म्हणून पुन्हा वाचावं तर ते मोजलं जात नाही. मध्येच थांबून एखाद्या चित्राकडे बघत बसावं तर वेळ जातो. ज्याला आपण वाचनाचा आनंद म्हणतो त्यातलं जवळजवळ सगळं या नियमात तोट्याचं ठरतं, आणि पुस्तक उरकणं तेवढं फायद्याचं.

२०१३ साली अमेरिकेतल्या एका लहान गावच्या ग्रंथालयावरून तिथे मोठा वाद झाला होता. एकच मूल वर्षामागून वर्ष सर्वाधिक पुस्तकं वाचून पहिलं येत होतं, आणि बाकीची मुलं हिरमुसून भाग घेत नाहीत, तेव्हा यापुढे चिठ्ठ्या टाकून बक्षीस द्यावं, असं तिथल्या ग्रंथालय-प्रमुखांनी सुचवलं. लोक संतापले. वाचणाऱ्या मुलालाच बाजूला हो म्हणता, असा सूर लागला. त्या मुलाचा काडीचाही दोष नव्हता, हे खरंच. पण बाकीची मुलं गळतात ही तक्रारही खोटी नव्हती. जो नियम भरपूर वाचणाऱ्या मुलाला अडचण ठरवतो आणि कमी वाचणाऱ्याला पराभूत, तो नियमच टाकून द्यायला हवा. चिठ्ठ्या टाकल्याने तो सुधारत नाही.

याहून सरळ वाट आहे, आणि ती चालून पाहिलेली आहे. ब्रिटनमध्ये १९९९ पासून समर रीडिंग चॅलेंज चालतं, आणि आता ते ‘द रीडिंग एजन्सी’ ही संस्था आणि तिथली सार्वजनिक ग्रंथालयं मिळून चालवतात. ते चार ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि त्याचा मूळ आराखडा सुट्टीत सहा पुस्तकांचा आहे. गोष्टींची, माहितीची, विनोदांची, चित्रकथांची, कानांनी ऐकायची, ग्रंथालयातून नेलेली कसलीही पुस्तकं चालतात. सहा झाली की प्रमाणपत्र. साठ वाचणाऱ्यालाही तेच. सहा हा आकडा मला फार विचारी वाटतो. सुट्टीत मुलाला दोन-चारदा तरी ग्रंथालयात यावं लागेल इतका तो मोठा आहे, आणि जोडाक्षराशी अडखळणाऱ्या मुलाच्याही आवाक्यात राहील इतका लहान. शिवाय दर खेपेला मूल टेबलाशी येऊन वाचलेल्या पुस्तकाबद्दल कर्मचाऱ्याशी किंवा स्वयंसेवकाशी दोन शब्द बोलतं. सगळ्या उपक्रमाचा जीव या दोन शब्दांत आहे असं मी मानतो.

ते बोलणं कसं व्हावं यावर बरंच अवलंबून असतं. ‘पुस्तकात कोण कोण होतं? शेवटी काय झालं?’ असं विचारलं की मुलाला कळतं, ही तोंडी परीक्षा आहे, खरंच वाचलं की नाही ते तपासताहेत. त्याऐवजी सापांचं पुस्तक परत करणाऱ्या मुलीला ‘यातला कुठला साप तुला सगळ्यात भयंकर वाटला?’ एवढंच विचारून बघावं. ती पुस्तक पुन्हा उघडते, पान शोधते, टेबलावर ओणवी होऊन चित्र दाखवते आणि विष दातात कुठून येतं ते सांगायला लागते. मागे रांग असते, पण त्या रांगेतला मुलगाही मान वर करून बघत असतो. ते पुस्तक टेबलावरून कपाटात परत जात नाही, त्या मुलाच्या नावावर चढतं. कुठल्याही तक्त्याने हे साधलं नसतं.

बक्षिसांबद्दल मात्र सावध राहायला हवं. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग ग्रंथालय चालवणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. रंगीत पेनांनी चित्रं काढायची आवड आधीपासूनच असलेली बालवाडीतली मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना काही न सांगता चित्र काढून झाल्यावर ते दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात तीच पेनं पुन्हा ठेवली, तेव्हा आधी आमिष दाखवलेल्या मुलांनी बाकीच्या दोन्ही गटांच्या तुलनेत जवळजवळ निम्माच वेळ चित्रं काढली. अवचित प्रमाणपत्र मिळालेल्यांची आवड कमी झाली नव्हती. म्हणजे वस्तू देण्यात नुकसान नाही, आधी सौदा करण्यात आहे. आणि ते होतं नेमकं त्या मुलाचं, ज्याला ती गोष्ट मुळातच आवडत होती.

यावरून सगळी बक्षिसं बंद करा असं मी म्हणणार नाही. जे मूल पुस्तकाला हातच लावत नाही त्याची आवड मरायला ती आधी असावी लागते. त्याला एखादा स्टिकर दारापर्यंत आणत असेल तर खुशाल आणू दे. पण सायकल, टॅब्लेट, रोख रक्कम यांची जाहिरात करून मुलांना पुस्तकांकडे ओढू नये. द्यायचंच तर पुस्तक द्यावं, मुलाने स्वतः निवडलेलं, कायमचं त्याच्या मालकीचं. घरी एकही पुस्तक नसलेल्या मुलाच्या हाती ते पडलं तर त्याची किंमत मी सांगायला नको.

आता वयांकडे येतो. अगदी लहानांसाठी अमेरिकेतली पुष्कळ ग्रंथालयं शाळेत जाण्याआधी हजार पुस्तकं हा उपक्रम चालवतात. हजार ऐकून पालक दचकतात, पण रोज रात्री एक म्हटलं तर तीन वर्षांच्या आत हिशेब पुरा होतो. त्यातला मला सर्वांत शहाणपणाचा वाटणारा नियम हा की तेच पुस्तक पुन्हा वाचलं तर पुन्हा मोजायचं. तीन वर्षांचं मूल एकच गोष्ट वीस वेळा मागतं. मोठा माणूस कंटाळतो, मूल मात्र दरवेळी काहीतरी नवं पकडत असतं. या वयात आव्हान खरं म्हणजे पालकांना असतं, आणि ग्रंथालयाने ते पालकांनाच शिकवावं. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना चित्रपुस्तक वाचताना फक्त वाचत न सुटता मोकळे प्रश्न विचारायला, मुलाच्या उत्तरात भर घालायला आणि त्यालाच गोष्ट सांगू द्यायला शिकवलं. चारच आठवड्यांत ही मुलं, नेहमीच्या पद्धतीने वाचून दाखवलेल्या मुलांपेक्षा बोलण्यात काही महिन्यांनी पुढे गेली. दोन्ही घरांत वाचन होतच होतं, पद्धत तेवढी वेगळी होती. हजार शिक्क्यांच्या कार्डाबरोबर ही पद्धत अर्ध्या तासात दाखवणारा कर्मचारी नसेल तर कार्ड छापून उपयोग थोडाच.

किशोरांच्या बाबतीत बहुतेक ग्रंथालयं हात टेकतात. लहानांच्याच कार्डावर चित्र बदलून ते तेरा-चौदा वर्षांच्या मुलांपुढे ठेवलं जातं, आणि ती ढुंकूनही बघत नाहीत. त्यांना स्टिकर नको असतो, अधिकार हवा असतो. डॅनिएल पेनॅक या फ्रेंच लेखकाने, जो स्वतः शिक्षक होता, १९९२ साली वाचकाचे दहा हक्क मांडले. न वाचण्याचा हक्क, पानं गाळण्याचा हक्क, पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्क असे ते आहेत. किशोरांचं वाचन-आव्हान यावर उभं करता येईल. अर्धवट सोडलेलं पुस्तकही कार्डावर लिहू द्यावं, का सोडलं त्याच्या एका ओळीसह. ती ओळ पुढच्या वाचकाला पुस्तकाच्या मलपृष्ठापेक्षा जास्त सांगते. आणि आव्हानात भाग घेणाऱ्यांना नव्या खरेदीतली काही पुस्तकं निवडू द्यावीत, पैसे ग्रंथालयाचे, निवड त्यांची. आपण सुचवलेलं पुस्तक कपाटात लागलं, त्यावर शिक्का बसला, ते कुणीतरी नेलं, हे पंधराव्या वर्षी पाहिलेला माणूस त्या ग्रंथालयाला परकं मानत नाही. आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. या वयात मुलं काय वाचतात ते त्यांचं खाजगी असतं. शरीराबद्दल, प्रेमाबद्दल, घरातल्या दुःखाबद्दल त्यांना जे कुणाला विचारता येत नाही ते ती पुस्तकात शोधतात. त्यांच्या पुस्तकांची यादी भिंतीवर लावणं किंवा घरी कळवणं हा विश्वासघात आहे.

प्रौढांसाठीचा चांगला दाखला पुन्हा ब्रिटनचाच आहे. तिथे २००८ साली सिक्स बुक चॅलेंज सुरू झालं, आणि २०१५ मध्ये त्याचं नाव रीडिंग अहेड झालं. ज्यांना वाचनाचा आत्मविश्वास नाही अशा प्रौढांसाठी ते आहे, आणि ते ग्रंथालयांबरोबरच कामाच्या ठिकाणी, प्रौढ शिक्षणाच्या वर्गात आणि तुरुंगातही चालतं. वाचायच्या सहा गोष्टी म्हणजे सहा जाड पुस्तकंच असली पाहिजेत असं नाही. मासिकातला लेख, एखादी कविता, खेळाची बातमीही चालते. यावर नाक मुरडणारे असतात, हे कसलं वाचन म्हणणारे. त्यांनी कधी चाळिशी ओलांडलेल्या माणसाला ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत एक पान पुरं करताना पाहिलेलं नसतं. त्या पानामागे किती धैर्य असतं ते पाहिलं की वाचनाची प्रत ठरवायचा उत्साह राहत नाही. बाकीच्या प्रौढांचं म्हणाल तर त्यांच्यासाठी ग्रंथालय संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी उघडं ठेवणं हे कुठल्याही कार्डापेक्षा जास्त कामाचं आहे.

वृद्धांना तर अशा उपक्रमांत कुणी धरतच नाही. आयुष्यभर वाचलेल्या माणसाचं वाचन डोळ्यांमुळे सुटतं तेव्हा ते दुःख फार एकटं असतं. त्यांच्यासाठी मोठ्या टाइपातली पुस्तकं हवीत, श्राव्य पुस्तकं हवीत, आणि ऐकलेलं पुस्तक वाचलेल्याइतकंच मोजलं जायला हवं. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती करणं कायद्याने सोपं व्हावं म्हणून २०१३ साली माराकेश करार झाला आणि तो २०१६ पासून अमलात आला. ज्या देशांनी तो स्वीकारला तिथल्या ग्रंथालयांना आता सबब उरलेली नाही. जिना चढता न येणाऱ्या सभासदाकडे पंधरा दिवसांनी पुस्तकं पोहोचवणारा, थोडा वेळ बसून बोलणारा शाळकरी स्वयंसेवक मिळाला तर दोन वयोगटांचं आव्हान एकदमच पार पडतं.

स्पर्धा नसेल तर चुरस येणार कशी, आणि आकडे नसतील तर अनुदान देणाऱ्यांना दाखवायचं काय, हे दोन प्रश्न हमखास येतात. चुरशीसाठी एकत्रित लक्ष्य ठेवता येतं. सगळ्या सभासदांनी मिळून या सुट्टीत इतकी पुस्तकं वाचायची असं ठरलं की पाच वर्षांच्या मुलाचं चित्रपुस्तक आणि आजोबांची कादंबरी एकाच बेरजेत जातात, आणि भरपूर वाचणारं मूल कुणाच्या वाटेत येत नाही, ते सगळ्यांची बेरीज वाढवतं. अनुदानाचा प्रश्न जास्त अवघड आहे, कारण पैसे देणाऱ्याला हिशेब मागण्याचा हक्क आहे. पण हिशेब कशाचा द्यायचा ते ग्रंथालयाने ठरवावं. एकूण किती पुस्तकं वाचली गेली यातून फार कळत नाही. नव्याने सभासद झालेले किती, त्यांतले उपक्रम संपल्यावर तीन महिन्यांनीही पुस्तक बदलायला येणारे किती, आणि नाव नोंदवून गळालेले कोण, हे तिन्ही देवघेवीच्या नोंदींतून सहज काढता येतं. गळालेल्यांची यादी ग्रंथपालाच्या टेबलावर असावी, भिंतीवर नव्हे.

शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हे त्यांतले दुसरा आणि तिसरा. दोन्हींत वाचकाची तुलना दुसऱ्या वाचकाशी कुठेच केलेली नाही. युनेस्कोच्या १९९४च्या सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनाम्यातही लहान वयापासून मुलांमध्ये वाचनाची सवय रुजवणं हे ग्रंथालयाच्या कामांत अगदी पहिलं सांगितलं आहे, आणि ग्रंथालयाच्या सेवा वय, वंश, लिंग, धर्म, सामाजिक स्थान न बघता सर्वांना समानतेने मिळाव्यात असंही म्हटलं आहे. समानतेने सेवा देणाऱ्या संस्थेने पहिला नंबर काढावा कशासाठी?

पुढच्या सुट्टीचं कार्ड छापण्याआधी ग्रंथालयांनी निदान तीन गोष्टी कराव्यात. जुन्या दंडापायी ज्या मुलांचं खातं बंद पडलं आहे त्यांचा दंड माफ करावा, नाहीतर ज्यांच्यासाठी हा खटाटोप आहे ती मुलं दारातूनच परत जातील. वयोगट कार्डावर असू दे, पण कपाटाला त्याचं कुलूप नको. दहा वर्षांच्या मुलीला खगोलशास्त्राचं मोठ्यांचं पुस्तक हवं असेल तर तिला ते मिळावं, आणि तिच्याच वयाच्या मुलाला चित्रपुस्तक हवं असेल तर तेही कुणी काही न बोलता मिळावं. आणि मुदत संपली म्हणून अपुरं कार्ड रद्द करू नये. तीन शिक्के झालेलं कार्ड घेऊन मूल चार महिन्यांनी आलं तर चौथा शिक्का तिथेच, त्याच कार्डावर मारावा.